फलाटावरचा खांब आणि स्थानकाचं वय : वाचकांचे प्रश्न

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवरच्या लहान स्थानकांबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सीएसएमटी, चर्चगेटवर आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. जिथे फास्ट लोकल न थांबता धडधडत निघून जाते, अशा ठिकाणांविषयी लोक विचारतात याचा आनंद आहे. एकाच विषयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या स्थानकाच्या एक नंबर फलाटावर छपराचे खांब जुन्या रुळांचे आहेत. रंगाच्या थराखाली इंग्रजी अक्षरं आणि साल दिसतं. तेच स्थानकाचं साल धरायचं का? (एक वाचक, कर्जत मार्ग)

उत्तर : नाही. ते साल रुळाचं आहे, खांबाचं नाही. स्थानकाचं तर नाहीच. कारखान्यात रूळ लाटताना ही अक्षरं त्यावर उठतात. पुढे तो रूळ झिजेपर्यंत मुख्य मार्गावर राहतो, तिथून निघाला की सायडिंगला, म्हणजे बाजूच्या कमी वापराच्या मार्गावर, जातो आणि तिथूनही काढला की कापून खांब, कुंपण, पाटीचे पाय अशा कामांना लागतो. यात पंचवीस-तीस वर्षं सहज जातात. समजा खांबावर १८९८ दिसलं, तर हे छप्पर १८९८ च्या आधीचं नाही, इतकंच म्हणता येईल. १९३० सालचं असू शकतं, १९६० चंसुद्धा.

तरीही अक्षरं वाचावीत, कारण त्यांतून बरंच कळतं. रुळाचे तीन भाग असतात : चाक ज्यावरून जातं ते डोकं, मधला उभा पत्रा (रेल्वेवाले त्याला ‘वेब’ म्हणतात) आणि खालचा रुंद पाया. अक्षरं वेबवर असतात, ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येतात आणि खांब उभा असल्यामुळे आडवी झालेली दिसतात. ती उठावाची असतात, म्हणून समोरून उजेड टाकला तर काहीच वाचता येत नाही. संध्याकाळनंतर जा, मोबाइलचा टॉर्च खांबाला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. सावल्या पडल्या की अक्षरं उभी राहतात. पातळ कागद लावून त्यावर मेणाचा खडू आडवा घासला तर ठसाही मिळतो. रंग मात्र खरवडू नका. ती रेल्वेची मालमत्ता आहे, शिवाय जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता असते.

काय शोधायचं? रूळ बनवणाऱ्याचं नाव, रुळाचं वजन किंवा छेदाचा (आडव्या कापाच्या आकाराचा) क्रमांक, महिना आणि साल. कधीकधी मागवणाऱ्या कंपनीची आद्याक्षरंही असतात : जीआयपीआर म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, बीबी अँड सीआय म्हणजे बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. टाटांचं नाव असेल तर रूळ १९१२ च्या आधीचा नाही, कारण साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, पोलाद निघू लागलं ते त्या साली. ‘सेल’ असेल तर १९७३ नंतरचा. स्वातंत्र्यानंतरच्या रुळांवर सहसा ‘आयआरएस (इंडियन रेल्वे स्टँडर्ड), ५२ केजी, ८८०’ अशी ओळ असते, पुढे कारखाना, रोमन आकड्यात महिना आणि साल. यातला ८८० हा पोलादाच्या ताणशक्तीचा आकडा. त्याआधीच्या रुळांवर ७१० दिसतो. शेजारचा बाण मुंबईची दिशा दाखवत नाही. ज्या ठोकळ्यातून रूळ लाटला, त्याचं वरचं टोक कुठल्या बाजूला होतं ते तो सांगतो.

अक्षरं रंगात बुडालेली असतील तर टेप लावा. उंची १४३ मिलिमीटर आणि पायाची रुंदी १३६.५ असेल तर तो ‘९० आर’, म्हणजे यार्डाला ९० पौंड (मीटरला ४४.६ किलो). उंची १२८.५ आणि पाया १२२ असेल तर ‘७५ आर’. उंची १५६ आणि पाया १३६ म्हणजे ५२ किलोचा, तर १७२ आणि १५० म्हणजे ६० किलोचा रूळ. रंगाचे थर दोन-तीन मिलिमीटर खातात, हे धरून चाला.

एक प्रकार दिसला तर जरूर कळवा : वरचं आणि खालचं टोक सारखंच, डंबेलसारखा छेद, सपाट पाया नाहीच. तो दुहेरी डोक्याचा रूळ. जीआयपीने सुरुवातीच्या काळात असे रूळ बिडाच्या ‘खुर्च्यां’मध्ये, म्हणजे रूळ धरून ठेवणाऱ्या ओतीव बैठकींमध्ये, बसवले होते. एक बाजू झिजली की उलटा करून दुसरी वापरायची, असा हिशेब होता. पण खालची बाजू खुर्चीत ठेचून आधीच खाचे पडायचे, त्यावरून गाडी खडखडायची आणि हिशेब फसला. असा खांब मिळाला तर लोखंड तरी नक्कीच फार जुनं आहे.

खांबापेक्षा चांगला पुरावा तुमच्या पायाखाली असतो. फलाटाच्या कडेने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा, पिवळ्या पट्ट्याच्या आतून, आणि कडेचे दगड पाहा. जुन्या भागात घडवलेला काळा दगड असतो, पुढे काँक्रीटच्या लाद्या सुरू होतात आणि आणखी पुढे वेगळ्या मापाच्या. प्रत्येक सांधा म्हणजे फलाट लांबवल्याची खूण. लोकलचा डबा साधारण २१ मीटरचा, त्यामुळे नऊ डब्यांना १९० मीटरच्या आसपास लागतात, बारा डब्यांना अडीचशे आणि पंधरा डब्यांना सव्वातीनशेच्या जवळ. बारा डब्यांच्या गाड्या १९८० च्या दशकात आल्या, पंधरा डब्यांच्या पश्चिम रेल्वेवर २००९ मध्ये आणि मध्य रेल्वेवर २०१२ मध्ये. सांध्यांमधली अंतरं पावलांनी मोजलीत तरी कुठला तुकडा कशासाठी जोडला ते जुळवता येतं. फरशी नव्याने बसवली असेल तर हा पुरावा गेला, म्हणून काम सुरू होण्याआधी फोटो काढून ठेवा.

प्रश्न : आमचं स्थानक कधी सुरू झालं याची तीन वेगवेगळी सालं मिळाली. खरं कुठलं? (दोन वाचक, डोंबिवली आणि नालासोपारा)

उत्तर : बहुधा तिन्ही खरी असतात, त्यांचे प्रश्न वेगळे असतात. मार्ग कधी खुला झाला, स्थानक कधी झालं, लोकल कधी सुरू झाली, वीज कधी आली, आजची इमारत कधी बांधली : या पाच निरनिराळ्या तारखा आहेत आणि लोक त्यांतली हाताला लागेल ती ‘स्थापना’ म्हणून फळ्यावर लिहितात.

मध्य रेल्वेवर पाहा. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली आणि १ मे १८५४ ला मार्ग कल्याणपर्यंत गेला. म्हणून ठाणे-कल्याणच्या मधली सगळी स्थानकं १८५४ ची ठरत नाहीत. रूळ गावाजवळून गेले म्हणून गाडी तिथे थांबत होती असं नाही. वस्ती वाढली, अर्ज झाले, मग थांबा मिळाला, असं पुष्कळ ठिकाणी झालं आहे.

पश्चिमेकडे गोंधळ जास्त. ग्रँट रोडपासून वसईपर्यंतचा मार्ग २८ नोव्हेंबर १८६४ ला खुला झाला. विरारहून दक्षिण मुंबईतल्या बॅकबेला रोजची एक उपनगरी गाडी सुरू झाली ती १२ एप्रिल १८६७ ला. विजेची लोकल बोरिवलीपर्यंत ५ जानेवारी १९२८ ला आली आणि विरारला १९३६ मध्ये. नालासोपाऱ्याचा माणूस १८६७ सांगेल किंवा १९३६. दोघांशीही भांडायचं कारण नाही. १८६७ च्या त्या गाडीच्या स्थानकांच्या यादीत नालासोपारा ‘नीला’ या नावाने आहे, हे मात्र शोधताना लक्षात असू द्या. त्याच यादीत बोरिवली ‘बोरेवला’, अंधेरी ‘अंदारू’, वांद्रे ‘बांदोरा’ आणि गोरेगाव ‘पहाडी’ म्हणून येतं. आजच्या नावाने शोधलं आणि सापडलं नाही, म्हणजे स्थानक नव्हतंच, असा निष्कर्ष घाईने काढू नका.

हार्बरची गोष्ट उलटी. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने, १५०० व्होल्ट डीसीवर. तिथल्या मधल्या स्थानकांच्या फळ्यांवर १९२५ दिसलं तर ते बहुतेक वेळा विजेचं साल असतं, कारण रे रोड ते कुर्ला हा मार्ग १९१० पासूनच होता.

फळ्यावर ‘मध्य रेल्वे’ किंवा ‘पश्चिम रेल्वे’ असेल तर तो ५ नोव्हेंबर १९५१ नंतरचा. दोन्ही नावं त्याच दिवशी जन्मली.

प्रश्न : स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ का लावतात? भिवपुरी रोडला उतरलं तरी भिवपुरी दूरच! (एक वाचक, नेरळ)

उत्तर : दूर आहे म्हणूनच. रूळ टाकताना सपाट जमीन, खाडी ओलांडायची सोय आणि चढ पाहिले जातात, गाव पाहिलं जात नाही. मार्ग गावापासून लांबून गेला की ‘त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं स्थानक’ या अर्थाने ‘रोड’ जोडलं जाई. वसई रोड, डहाणू रोड, केळवे रोड, भिवपुरी रोड ही सगळी त्या जातीची. जुनं वसई गाव आणि किल्ला स्थानकापासून कित्येक किलोमीटर पश्चिमेला आहे. पुढे स्थानकाभोवतीच शहर वाढलं, त्यामुळे ‘रोड’ आता निरर्थक वाटतो.

शहरातले ‘रोड’ वेगळे. ग्रँट रोड, सँडहर्स्ट रोड, रे रोड ही खऱ्याखुऱ्या रस्त्यांची नावं आणि ते रस्ते मुंबईच्या गव्हर्नरांच्या नावाचे : रॉबर्ट ग्रँट, लॉर्ड सँडहर्स्ट, लॉर्ड रे. एल्फिन्स्टन रोडही त्याच पंगतीतलं. २०१८ मध्ये त्याचं प्रभादेवी झालं. एकच शब्द, पण एकीकडे तो गाव लांब असल्याचं सांगतो आणि दुसरीकडे नुसता पत्ता.

नावांचं जुनं रूप जिवंत राहिलं आहे ते स्थानकांच्या संकेताक्षरांत. कुर्ल्याचं संकेत ‘सीएलए’, कारण तेव्हा नाव इंग्रजी ‘सी’ने लिहीत. ठाण्याचं ‘टीएनए’, त्या काळच्या स्पेलिंगमध्ये ‘टी’नंतर ‘एच’ नव्हता. पाटी बदलते, संकेत सहसा बदलत नाही, कारण तिकीट, मालवाहतूक आणि वेळापत्रक सगळं त्यावर बांधलेलं असतं.

प्रश्न : इंडिकेटरवर कर्जत लोकलला ‘एस’ आणि कसाऱ्याला ‘एन’ का? (एक वाचक, शहाड)

उत्तर : कल्याणला जीआयपीच्या दोन वाटा फुटत. बोरघाटातून पुण्याकडे जाणारी आग्नेय मार्गिका आणि थळघाटातून, म्हणजे कसारा घाटातून, इगतपुरी-भुसावळकडे जाणारी ईशान्य मार्गिका. इंग्रजीत पहिलीत ‘साउथ’, दुसरीत ‘नॉर्थ’. त्यांची आद्याक्षरं राहिली. शेजारी वेगासाठीही ‘एस’ आणि ‘एफ’ असतात, त्यामुळे नवखा माणूस कर्जत फास्टला ‘स्लो’ समजून सोडून देतो.

प्रश्न : कर्जतहून खोपोलीला जाणारी लोकल तिथेच का संपते? डोंगर समोर दिसतो, पुढे रूळ नाहीत. (एक वाचक, खोपोली)

उत्तर : कारण एके काळी खोपोली हेच मुख्य मार्गाचं टोक होतं, फाटा नव्हे. १२ मे १८५६ ला कल्याणकडून आलेला मार्ग पळसदरीवरून खोपोलीला पोचला. घाटावर चढायचं कसं, हा प्रश्न तेव्हा सुटायचा होता. घाटमाथ्यावर मात्र काम पुढे गेलं आणि खंडाळा ते पुणे हा तुकडा १४ जून १८५८ ला सुरू झाला. म्हणजे जवळपास पाच वर्षं पुण्याचा प्रवासी खोपोलीला उतरायचा, पालखी, तट्टू किंवा गाडीने घाट चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. सामानाचीही तीच तऱ्हा. दोनदा उतरवा, दोनदा चढवा.

१८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला झाला. तो खोपोलीहून नव्हे, पळसदरीच्या बाजूने वर गेला, कारण गाडीला लागणारा सौम्य चढ खोपोलीच्या सरळ कड्यावर मिळणं शक्य नव्हतं. त्या दिवसापासून खोपोली फाट्यावर गेली. आज कर्जत ते खोपोली १५ किलोमीटरची एकेरी मार्गिका आहे आणि मधे पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी चार लहान स्थानकं. एकेरी असल्यामुळे एक गाडी चुकली की पुढचीला बराच वेळ लागतो, आणि कर्जतला उशीर झाला की तो या फाट्यावर जशाच्या तसा उतरतो. वयाने ही ओळ पुण्याच्या घाटमार्गापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे, हे तिथल्या शांत फलाटांवर उभं राहून खरं वाटत नाही.

प्रश्न : फलाट उंच केला तरी दोन-चार वर्षांत डब्याची पायरी पुन्हा उंच वाटते. काम कच्चं होतं का? (एक वाचक, वांगणी)

उत्तर : दर वेळी ठेकेदाराचा दोष नसतो. फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात. उंच फलाटासाठी भारतीय रेल्वेचं माप ७६० ते ८४० मिलिमीटर. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर गेल्या दशकात फलाट ९०० च्या पुढे उचलले गेले. फलाट जागेवर राहतो, रूळ राहत नाही. गाड्यांच्या माराने खडी बसते, म्हणून यंत्राने रूळ किंचित उचलून स्लीपरखाली (रुळांखालच्या आडव्या तुळयांखाली) खडी ठासतात. प्रत्येक फेरीत रूळ काही मिलिमीटरने वर जातो. अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की फलाट तेवढाच खाली गेल्यासारखा होतो. खडी पूर्ण काढून चाळली, म्हणजे ‘डीप स्क्रीनिंग’ केलं, की रूळ पुन्हा खाली आणता येतो. ते काम ब्लॉक घेऊन, म्हणजे वाहतूक थांबवून, करावं लागतं, म्हणून लांबणीवर पडतं.

स्थानक वळणावर असेल तर फट आडवीही वाढते. डबा सरळ, फलाट वाकडा. वळणाच्या आतल्या बाजूला फलाट असेल तर डब्याचा मधला भाग फलाटाकडे सरकतो आणि टोकाच्या दारांशी फट पडते. बाहेरच्या बाजूला असेल तर नेमकं उलट, फट मधल्या दारांशी. त्यातच वळणावर बाहेरचा रूळ उचललेला असतो, डबा आत झुकतो, त्यामुळे बाहेरच्या फलाटावरून पायरी आणखी उंच लागते. ओझ्याने वाकलेली माणसं, लहान मुलं, साडी नेसलेल्या बायका यांनी अशा स्थानकावर कुठल्या दाराशी उभं राहायचं ते या हिशेबाने ठरवावं.

तक्रार करताना ‘फट मोठी आहे’ एवढं लिहून उपयोग नाही. फलाट क्रमांक, कितवा डबा, कितवं दार आणि समोरच्या विजेच्या खांबाचा क्रमांक द्या. खांबावर तिरकी रेघ देऊन दोन आकडे असतात : पहिला किलोमीटर, दुसरा त्या किलोमीटरमधला खांब. रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर हा क्रमांक सांगितला की जागा नेमकी कळते. अपघात, आजारी प्रवासी, तुटलेलं झाड, सगळ्याच बाबतीत तो सांगावा. उंची मोजायला रुळांत उतरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. लोकल किती आवाज न करता येते, हे स्थानकाजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

प्रश्न : पावसात रुळांवर पाणी दिसत नसतानाही लोकल सिग्नलला थांबून राहते. का? (तीन पत्रं, मध्य मार्ग)

उत्तर : रुळांतून कमी दाबाची वीज सोडलेली असते. त्या तुकड्यात गाडी आली की तिच्या चाक-आसामुळे दोन्ही रूळ जोडले जातात, वीज रिलेपर्यंत (सिग्नल बदलणाऱ्या विजेच्या खटक्यापर्यंत) पोचत नाही, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. याला ट्रॅक सर्किट म्हणतात. आता खडीत चिखल आणि कचरा भरला आहे, पाणी रुळाच्या माथ्यावर नाही पण पायाशी आहे, अशा वेळी वीज चिखलातून एका रुळाकडून दुसऱ्याकडे झिरपते. रिलेला वाटतं गाडी आहे. सिग्नल लाल. बिघाड झाला तर लालच व्हावं, अशीच ती रचना आहे. हिरवा राहणारा बिघाड माणसं मारतो.

स्वयंचलित सिग्नल लाल असेल तर मोटरमन दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबतो, मग अगदी हळू पुढे सरकतो. एका सिग्नलला दोन-तीन मिनिटं गेली आणि असे पाच सिग्नल लागले, की मागे गाड्यांची रांग लागलीच. दर तीन-चार मिनिटांनी गाडी सोडणाऱ्या मार्गाला एवढं पुरतं. पाणी आणखी चढलं की गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे हलवणारी यंत्रं बंद पडतात, आणि डब्याखालच्या मोटारींत पाणी शिरायचा धोका असतो म्हणून गाडी रोखतात.

शीव-कुर्ल्यात हे दर वर्षी होतं, कारण जागा सखल आणि मिठी नदी शेजारी. भरती साडेचार मीटरच्या वर असेल आणि त्याच वेळी जोराचा पाऊस आला, तर पाण्याला समुद्राकडे जायला वाटच राहत नाही. लहान स्थानकांवर कारण बहुतेक वेळा अधिक साधं असतं : रुळांखालची मोरी तुंबलेली. मोरी रेल्वेची, तिच्या दोन्ही टोकांचे नाले नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे. एकाने साफ केलं आणि दुसऱ्याने नाही, तर काम फुकट. अर्ज दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच मजकुराचा द्या आणि मे महिन्याच्या आत द्या.

प्रश्न : नकाशातून पुसलं गेलेलं एखादं उपनगरी स्थानक आहे का? (एक वाचक, भाईंदर)

उत्तर : तुमच्या शेजारीच. १८६७ च्या यादीत वसई आणि बोरिवलीच्या मधे ‘पांजे’ आहे. ते वसईच्या खाडीतल्या पाणजू बेटावरचं. भाईंदर-नायगावमध्ये गाडी दोन पुलांवरून जाते, ७३ आणि ७५ क्रमांकाच्या, आणि दोन्हींच्या मधे लागतं ते हे बेट. दक्षिणेकडे कुलाबा होतं, १९३० च्या अखेरीस बंद झालं. अंधेरीहून कुर्ल्यामार्गे तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, जाणारी साष्टी-ट्रॉम्बे रेल्वे १९२८ ला आली आणि १९३४ ला गेली. जेमतेम सहा पावसाळे.

प्रश्न : आमच्या स्थानकाचे कागद शोधायचे आहेत. सुरुवात कुठून करावी? (एक मंडळ, टिटवाळा परिसर)

उत्तर : आधी नकाशा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने एक इंची (एका मैलाला एक इंच) नकाशे पाहा : ठाणं ४७ ए मध्ये, कल्याण-टिटवाळा ४७ ई मध्ये, कर्जत ४७ एफ मध्ये येतं. एकाच भागाच्या दोन आवृत्त्यांपैकी एकीत स्थानक नाही आणि दुसरीत आहे, असं आढळलं तर शोध दहा-वीस वर्षांच्या पट्ट्यात आला. छपाईचं साल धरू नका, सर्वेक्षणाचं धरा. दोन्ही समासात दिलेली असतात आणि त्यांत बरंच अंतर असू शकतं. १८८२ चा ठाणे जिल्ह्याचा गॅझेटियरही चाळा, त्या काळची स्थानकं आणि त्यांचा व्यापार त्यात सापडतो.

मुंबईत महाराष्ट्र पुराभिलेखागार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. तिथे रेल्वेचे कागद ‘रेल्वे’ या नावाखालीच असतील असं समजू नका. मुंबई सरकारच्या सार्वजनिक बांधकाम आणि महसूल खात्यांच्या दप्तरांतही पाहा.

रेल्वेकडे माहिती अधिकारात अर्ज करता येतो, शुल्क १० रुपये. अर्ज विभागीय कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याला. ‘आमचं स्थानक कधी सुरू झालं?’ असं विचारलंत तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर तीस दिवसांत मिळेल. प्रश्न विचारू नका, कागद मागा : पादचारी पुलाच्या बांधकामाचं साल दाखवणारी नोंद, फलाट विस्ताराचा मंजूर आराखडा, स्थानक आवाराचा जमीन-नकाशा. झेरॉक्सला पानामागे २ रुपये. कागद जाड असतील तर प्रत न मागता पाहणी मागा. पहिला तास फुकट, पुढे तासाला ५ रुपये. गेलात की आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यातला बदलांचा तक्ता आधी टिपून घ्या, सगळ्या तारखा तिथे असतात.

आणि जे बहुतेक लोक विसरतात ते तालुक्याचं भूमी अभिलेख कार्यालय. रेल्वेने जमीन घेतली की त्या सर्व्हे नंबरचं क्षेत्र घटतं आणि तशी नोंद ‘कमी-जास्त पत्रका’त होते. गाव नकाशावर रुळांचा पट्टा ज्या सर्व्हे नंबरांतून जातो ते लिहून न्या, त्या नंबरांची पत्रकं, फाळणी नकाशे आणि जुने फेरफार मागा. मार्गाचा पट्टा एकसारख्या रुंदीचा असतो. स्थानकासाठी नंतर घेतलेली जमीन त्याला फुगवट्यासारखी चिकटलेली दिसते. त्या फुगवट्याच्या पत्रकावरची तारीख हवी. कागद मोडीत असेल तर जाणकार सोबत न्या.